मारी (लोक व भाषा)

रशियात व्होल्गा नदीच्या मध्य खोऱ्यात राहणारे फिनो-उग्रिक भाषिक लोक. जुन्या ग्रंथांतील ‘चेरेमिस’ ते हेच. मुख्य वस्ती मारी एल प्रजासत्ताकात (राजधानी योश्कार-ओला). शिवाय बाश्कोर्तोस्तान, तातारस्तान व किरोव प्रांतात. कुरणी, डोंगरी व पूर्वेकडील असे त्यांचे गट आहेत.

इतिहास : दहाव्या शतकात खझार राजा जोसेफ याच्या पत्रात यांचा उल्लेख येतो, सहाव्या शतकातील जॉर्डेनीझच्या ग्रंथातील एक नावही यांचेच असावे, असे काही अभ्यासक मानतात. पुढे ते कझानच्या खानांच्या अमलाखाली होते. १५५२ मध्ये मॉस्कोचा झार चौथा ईव्हान याने कझान जिंकले. डोंगरी मारी त्याआधीच मॉस्कोच्या बाजूला गेले होते. कुरणी मारींचे उठाव मात्र १५८० च्या दशकापर्यंत चालले. योश्कार-ओला १५८४ मध्ये वसले ते या उठावांच्या बंदोबस्तासाठी बांधलेला किल्ला म्हणूनच. अनेक कुटुंबे पूर्वेला बाश्किरियात (आजचे बाश्कोर्तोस्तान) गेली. १९२० मध्ये स्वायत्त प्रांत स्थापन झाला.

भाषा : उरालिक कुल. प्रत्ययांवर प्रत्यय चढवून शब्द बनतात. व्याकरणात लिंगभेद नाही. तो, ती, ते या तिन्हींसाठी ‘तुदो’ एकच. नकाराची रचना विशेष लक्षणीय आहे : ‘लुदाम’ म्हणजे मी वाचतो, ‘ओम लुद’ मी वाचत नाही, ‘ओत लुद’ तू वाचत नाहीस. मराठीतही ‘नाही’, ‘नाहीस’, ‘नाहीत’ असा नकार चालवला जातो, पण सोबतचे ‘वाचत’ हे कृदंत असते. मारीत क्रियापदाचा मूळ धातू तसाच राहतो आणि पुरुष व वचन नकारच दाखवतो. चुवाश, तातार व रशियन शब्द पुष्कळ आहेत. पहिले व्याकरण १७७५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे छापले गेले. त्याच्या स्मरणार्थ १० डिसेंबर हा मारी लिपिदिन पाळतात. लिपी सिरिलिक. कुरणी व डोंगरी अशा दोन प्रमाणभाषा आहेत.

साहित्य : सेर्गेई चावाइन (१८८८–१९३७) यांच्या ‘ओतो’ (राई) या १९०५ च्या कवितेपासून आधुनिक मारी साहित्य सुरू झाले, असे मानतात. १९३७ मध्ये स्टालिनच्या दडपशाहीत त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. एक संपूर्ण लेखकपिढी त्या काळात गेली. हा घाव साहित्यात खोलवर राहिला.

धर्म : ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, अनेकांत जुना निसर्गधर्मही टिकून आहे. देवरायांत ‘कार्त’ (पुजारी) सामुदायिक प्रार्थना चालवतात.

व्यवसाय : शेती, वनोद्योग, मधमाशीपालन.

सद्यःस्थिती : १९९५ च्या कायद्याने मारी एलमध्ये दोन्ही मारी भाषांना रशियनसोबत राज्यभाषेचा दर्जा मिळाला. २०१८ च्या रशियन कायद्याने शाळांतील मातृभाषा-शिक्षण ऐच्छिक केले. रशियातील मारींची संख्या १९८९ मध्ये सुमारे ६,४४,००० होती. २०२१ च्या जनगणनेत ती सुमारे ४,२४,००० भरली.