बॅटरी डिकीत का गेली? एका केबलचा इतिहास

गाडीचं बॉनेट उघडलं की बॅटरी दिसणार, हे आपण धरूनच चालतो. काही गाड्यांत मात्र ती तिथे नसते. ती मागे डिकीत, स्टेपनीच्या आसपास कुठेतरी बसवलेली असते. का, असं विचारलं तर बहुतेक जण एकच उत्तर देतात, "वजन मागे जावं म्हणून."

उत्तर चूक नाही. पण संशोधनाची तयारी करणाऱ्याने इथेच थांबू नये. "असं का झालं?" या एका प्रश्नात दोन प्रश्न लपलेले असतात. ती गोष्ट कुणाला आणि कशासाठी हवी होती, हा पहिला. ती त्या काळात शक्य कशामुळे झाली, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसरा विचारायचा राहून जातो. बॅटरीच्या या छोट्याशा स्थलांतरात दोन्ही प्रश्न छान वेगळे दिसतात, म्हणून आज तेच उदाहरण घेऊ.

सुरुवात सेल्फपासून करू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाडी चालू करायची म्हणजे पुढे उभं राहून हँडल मारायचं. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंग आणि त्यांच्या डेल्को कंपनीने तयार केलेला इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हे बदलायला लागलं. त्याबरोबर बॅटरीचं कामही बदललं. दिव्यांना थोडेच अँपिअर लागतात, पण सेल्फ मारताना काही सेकंदांसाठी शेकडो अँपिअर लागतात. एवढा करंट लांब नेणं महागात पडतं. त्यामुळे बॅटरी सेल्फच्या जितकी जवळ तितकी बरी.

हे "महागात पडतं" म्हणजे किती, ते मोजून बघू. अकरावीच्या फिजिक्सपेक्षा जास्त काही लागत नाही. डिकीतून पुढे येणारी तांब्याची केबल ५ मीटर लांब आणि २५ चौरस मिलिमीटर जाडीची धरा. तिचा रोध साधारण ३.४ मिलिओहम येतो. १२ व्होल्टच्या गाडीत सेल्फने २०० अँपिअर ओढले तर वाटेतच सुमारे ०.७ व्होल्ट जातात, म्हणजे ६ टक्के. हे चालून जातं. आता तीच केबल ६ व्होल्टच्या गाडीत लावा. तेवढ्याच शक्तीसाठी करंट दुप्पट, म्हणजे ४०० अँपिअर लागेल. केबलमध्ये १.४ व्होल्ट जातील आणि तेही सहातले! जवळजवळ २३ टक्के. व्होल्टेज निम्मं झालं की नुकसानाचं प्रमाण चौपट होतं. थंडीतल्या सकाळी असा सेल्फ नुसता कण्हत राहील.

यातून एक अंदाज बांधता येतो. ६ व्होल्टच्या काळात बॅटरी सेल्फपासून फार दूर सापडू नये. आता फोक्सवॅगन बीटल बघा. तिची बॅटरी मागच्या सीटखाली होती आणि गाडी अनेक वर्षं ६ व्होल्टवर चालली. अंदाज चुकला का? नाही, कारण बीटलचं इंजिनच मागे होतं. बॅटरी मागे असली तरी केबल आखूडच होती. म्हणजे "बॅटरी पुढे की मागे" हे आपण चुकीचंच मोजत होतो. मोजायला हवं ते सेल्फपासूनचं अंतर. आपल्या संशोधनातही असं वारंवार होतं. डोळ्यांना दिसणारी राशी एक असते आणि कारणाशी जोडलेली राशी दुसरीच असते.

अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या मध्यात बहुतेक कंपन्या ६ वरून १२ व्होल्टवर गेल्या. मोठ्या, जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनांना जोरकस सेल्फ आणि चांगली ठिणगी हवी होती, म्हणून. बॅटरी डिकीत टाकायची म्हणून कुणी व्होल्टेज वाढवलं नव्हतं. पण त्या निर्णयामुळे लांब केबल परवडू लागली आणि एक दार उघडलं. ते दार वापरायचं कारण मात्र प्रत्येकाचं वेगळं निघालं.

पहिलं उदाहरण ब्रिटनमधलं. १९५६ च्या सुएझ संकटानंतर तिथे पेट्रोलचं रेशनिंग झालं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने अॅलेक इसिगॉनिस यांना एक छोटी, काटकसरी गाडी बनवायला सांगितलं. ऑगस्ट १९५९ मध्ये ती 'मिनी' म्हणून बाजारात आली. लांबी जेमतेम ३ मीटर, इंजिन आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स त्याच्या खालीच आणि चालतात ती पुढची चाकं. म्हणजे सगळं जड सामान पुढे. सुरुवातीच्या नमुना गाड्यांत याचा त्रास ब्रेक मारताना दिसला. ब्रेक लागला की भार आणखी पुढे सरकायचा, मागची चाकं हलकी होऊन लॉक व्हायची. मागची चाकं लॉक झाली की गाडी गरकन फिरू शकते. यावर दोन उपाय झाले. मागच्या ब्रेकचा दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह आला आणि बॅटरी डिकीत गेली.

एका बॅटरीने असा काय फरक पडणार? करून बघू. बॅटरी १५ किलोची आणि ती २.४ मीटर मागे सरकवली असं धरू. मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.०३ मीटर. पुढच्या ॲक्सलवरचा भार १५ गुणिले २.४ भागिले २.०३, म्हणजे सुमारे १८ किलोने कमी होतो. गंमत बघा, १५ किलोच्या वस्तूने १८ किलोचा फरक पडला! कारण बॅटरी मागच्या ॲक्सलच्याही पलीकडे गेली आणि तरफेसारखं काम करू लागली. मागच्या ॲक्सलवर तेवढेच १८ किलो वाढले. साधारण ६०० किलोच्या गाडीत ही ३ टक्क्यांची अदलाबदल आहे आणि तीही एकही किलो न वाढवता.

दुसरं उदाहरण १९६४ चं, अमेरिकेतलं. फोर्डने ड्रॅग रेसिंगसाठी, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीसाठी, 'फेअरलेन थंडरबोल्ट' ही गाडी काढली. सात लिटरचं इंजिन, पुढचे पत्रे काढून फायबरग्लास, आणि बॅटरी डिकीत उजव्या बाजूला. मिनीत बॅटरी मागे गेली ती थांबताना गाडी ताब्यात राहावी म्हणून. इथे उद्देश बरोबर उलटा, सुटताना मागच्या चाकांना पकड मिळावी म्हणून. आणि उजव्याच बाजूला का? इंजिनाचा पीळ शाफ्टमधून मागच्या अखंड ॲक्सलवर येतो आणि उजवं चाक उचलायला बघतो. त्या चाकावर वजन हवं होतं. त्यामुळे हलकी नव्हे, चांगली जड बॅटरी निवडली गेली. गाडीचा बाकी प्रत्येक भाग हलका करायची धडपड चालू असताना!

तिसरी गोष्ट नंतरच्या गाड्यांची. १९८९ ची माझ्दा एमएक्स-५ किंवा बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्या घ्या. इथे पुढचं-मागचं वजन समसमान ठेवणं हे उद्दिष्ट होतं, म्हणजे वळणावर गाडी दोन्ही टोकांनी सारखी वागते. आज आपण सर्रास देतो ते उत्तर याच पिढीचं आहे. ते मिनीला लावलं तर अर्धवट लागतं आणि थंडरबोल्टला तर लागतच नाही.

बॅटरी मागे नेली म्हणून अडचणी संपल्या नाहीत. काही तिच्याबरोबर मागे गेल्या आणि काही वाटेत नव्याने तयार झाल्या. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटू शकतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. बॉनेटखाली हवा खेळती असते, डिकी मात्र बंद असते. म्हणून एमएक्स-५ मध्ये सीलबंद प्रकारची बॅटरी आली आणि वायू बाहेर सोडणारी नळीही. दुसरी अडचण केबलचीच. सेल्फची मुख्य केबल जुन्या गाड्यांत सहसा फ्यूजशिवाय असायची. अर्धा मीटर असताना ते खपून गेलं. पण मिनीत ती गाडीच्या फ्लोअरखालून पुढे जायची. अशी केबल घासून उघडी पडली आणि बॉडीला टेकली, तर करंट थांबवणारं मध्ये काहीच नसतं. म्हणूनच अमेरिकेतल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमांत, बॅटरी जागेवरून हलवली असेल तर गाडीच्या मागच्या बाजूला, बाहेरून बंद करता येईल असा मुख्य स्विच सक्तीचा आहे. बीएमडब्ल्यूने तर बॅटरीच्या टर्मिनलवरच एक छोटा स्फोटक चार्ज बसवला. अपघात झाला की तो सेल्फकडे जाणारी केबल तोडतो, पण दिवे चालू राहतात.

एवढी काळजी घेऊनही डिसेंबर २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये एक बीएमडब्ल्यू रात्री रस्त्यात बंद पडली. सगळी वीज गेली, धोक्याचे दिवेही लागेनात. अंधारात उभ्या असलेल्या त्या गाडीला चुकवताना दुसरी गाडी झाडावर आदळली आणि त्यातल्या एकाचा जीव गेला. २०१८ मध्ये कंपनीला ब्रिटनमध्ये ३ लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. दोष बॅटरीच्या केबलच्या आणि फ्यूज बॉक्सच्या जोडणीत होता. या गाड्यांत बॅटरी मागे होती. म्हणून "बॅटरी मागे होती म्हणून माणूस गेला" असं लिहायचं का? मुळीच नाही. जोडणी आखूड केबलवरही खराब होऊ शकते. आपण फक्त इतकंच म्हणू शकतो की गाडीची सगळी वीज ज्या वाटेने जाते, ती वाट आणि तिच्यावरचा प्रत्येक सांधा बॅटरीइतकाच महत्त्वाचा असतो. एखादी घटना कितीही हलवून टाकणारी असली, तरी पुराव्यापेक्षा मोठं वाक्य लिहायचं नाही. उलट अशा वेळीच जास्त सांभाळून लिहायचं.

तर, मिनीच्या डिकीत असो की थंडरबोल्टच्या, कृती एकच दिसते. पण ब्रेक, पकड आणि समतोल ही तीन वेगळी कारणं आहेत आणि तिन्हींना शक्य करणारा १२ व्होल्टचा निर्णय चौथ्याच कारणाने झालेला आहे. यातली किंमत सगळ्यांत उशिरा दिसली. कारण ती बॅटरीत नव्हती, केबलच्या वाटेवर होती.

तुमच्या विषयातला "सुधारणा" म्हणून सांगितला जाणारा एखादा बदल घ्या. एका पानावर तीन गोष्टी लिहा: तो कुणाला, कशासाठी हवा होता; तो तेव्हाच का जमला; आणि त्यामुळे काय लांबलं, काय उघडं पडलं. तिसऱ्या प्रश्नापुढची जागा बहुधा कोरी राहील. संशोधनाचा प्रश्न शोधायचा असेल तर तिथून सुरुवात करा.