समासात उरलेला जटायू

गोदाकाठच्या पिंपळाच्या पाराशी फुटक्या काचेच्या, वाळवी लागलेल्या देवांच्या तसबिरी टेकवून ठेवलेल्या दिसतात. भंगलेली प्रतिमा घरात ठेवू नये आणि केरातही टाकू नये, म्हणून ती नदीकाठी नेऊन ठेवायची, हा आपल्याकडचा रिवाज. आमचा वाडा उतरवला तेव्हा आजीच्या खोलीतली तसबीर मीच तिथे ठेवून आलो होतो. सीतेला घेऊन निघालेला रावण आणि पंख छाटला गेलेला जटायू, असे ते चित्र. तेव्हा मी विशीत होतो. आपण काय ठेवून आलो, हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली. छापील चित्रांच्या मागे मी लागलो, त्याचे एक कारण ती सकाळ आहे.

नाशिककराला जटायू परका नाही. शूर्पणखेच्या नाकावरून गावाचे नाव सांगितले जाते, पंचवटीत सीतागुंफा आहे आणि इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला जटायूने देह ठेवला अशी श्रद्धा आहे. कथा इथलीच, पण ‘जटायू’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो पक्षी येतो, तो कुठून आला?

छापखान्याच्या आधीही चित्रे होतीच. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायण सांगत. त्या चित्रांतल्या राक्षसांचे डोळे मोठाले, अंगविक्षेप ठाशीव. असा राक्षस खरोखर चालेल का, असा पक्षी उडेल का, हे तिथे कुणी विचारत नाही. चित्राला सांगणाऱ्याचा आवाज जोडलेला असतो आणि विश्वास बसवण्याचे काम तो आवाज करतो.

भिंतीवर टांगलेल्या तसबिरीला असा आवाज नसतो. तिला एकटीलाच खरे वाटावे लागते. राजा रविवर्मा यांच्या जटायूवधाकडे या दृष्टीने पाहावे. तिथे रावणाला एकच डोके आहे. तो दागिने घातलेला, मिशा असलेला, धिप्पाड माणूस आहे. जटायूचे पीस न् पीस पक्ष्याचे आहे. पुराणातले प्राणी इथे शरीरशास्त्राच्या नियमांत आले आणि म्हणूनच त्या छाटलेल्या पंखाची वेदना बघणाऱ्याला जाणवू लागली.

ही दृष्टी घरोघर नेली ती शिळाछापाने. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि १८९९च्या सुमारास लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. शिळाछापाचे तत्त्व साधे आहे: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने उलटे चित्र काढायचे, शिळा ओली करायची, मग शाई फक्त रेघांनाच धरते. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. एक शिळा केसभर सरकली, की सीतेचे ओठ गालावर जातात. एका देखाव्याचे दहा-बारा थर करून ते पुन्हा अचूक जुळवणे, हे त्या कारागिराचे कसब.

ते ज्यांच्या हाती होते, त्यांत त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके होते. दादासाहेबांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना आपल्या देवांचे चित्रपट सुचले, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. ती खरीच आहे. त्यांनी स्वतः ती ‘नवयुग’ मासिकात लिहिली. पण ती एवढ्यावरच सांगितली, की आधीची वर्षे गळून पडतात. फाळक्यांनी रविवर्मा प्रेससाठी फोटो-लिथोची कामे केली होती, स्वतःचा छापखाना काढला होता, छपाईची यंत्रे आणायला १९०९ मध्ये जर्मनी गाठली होती. थिएटरात शिरलेल्या त्या माणसाने पुराण थरांत उकलून पुन्हा जुळवण्याचे काम आधीच केलेले होते.

१९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळके नाशिकला आले. ‘मोहिनी भस्मासुर’ इथे घडला, पुढे ‘लंकादहन’ आणि १९१९चा ‘कालिया मर्दन’. या शेवटच्या चित्रपटाचा बराच भाग आज पाहायला मिळतो. सुरुवातीला फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी नुसत्या चेहऱ्याने भाव दाखवते आणि पाहता पाहता तो चेहरा कृष्णाचा होतो. ही पोरगी आहे, हे प्रेक्षकाला आधीच सांगून टाकलेले. तरीही पुढे पाण्याखाली ती कालियाशी झुंजते, तेव्हा श्वास रोखला जातो. एका चित्रावर दुसरे नेमके बसवण्याची शिळाछापातली शिस्त मला इथे दिसते. हा माझा तर्क आहे, पण तो त्यांच्या हातांनी केलेल्या कामावर उभा आहे.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पडत्या वाड्यातून तोच जटायू माझ्याकडे आला. सीतेच्या लुगड्यावर कुणीतरी हौसेने जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. जटायूला कुणी हात लावलेला नव्हता. तसबीरवाले चौकटीत बसवण्यासाठी चित्राचा समास बहुधा कापून टाकत आणि छापखान्याचे नाव त्या समासातच असे. या वेळी मागचा पुठ्ठा काढला, तर खालची कड कापण्याऐवजी आत दुमडलेली निघाली. तिच्यावर रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा अशी ओळ होती. म्हणजे चित्र मळवलीच्या स्थलांतरानंतरचे. नेमके साल त्यावरून ठरत नाही, कारण एकदा केलेल्या शिळांवरून पुढे वर्षानुवर्षे प्रती निघत. तरी अंदाजाला एका बाजूने कुंपण पडले.

मळवलीचा तो छापखाना १९७२ साली आगीत सापडला. आता त्याच्या कामाचा पुरावा आपल्या घरांच्या भिंतींवर आहे, आणि ती घरे पडत आहेत. आजीच्या तसबिरीचा समास कापलेला होता की दुमडलेला, ते मी पाहिले नाही. पिंपळापाशी तसबीर ठेवण्याचा रिवाज मोडा, असे मी म्हणणार नाही. फक्त ठेवण्यापूर्वी ती उलटी करा, मागचे चार खिळे काढा, आणि कड दुमडलेली असेल तर तिच्यावर काय छापले आहे ते वाचून घ्या.