जुनें तारूं आणि उधारीचा सौदा

जमीन विकली तरी ती जागेवरच राहते. घर विकलें तरी त्यावर विकणाराची नजर राहूं शकते. तारवाचें तसें नाहीं. तें घेणाराच्या हातीं पडलें कीं वाऱ्याच्या स्वाधीन झालें. म्हणून जुनें, आवडतें तारूं विकतांना सगळी किंमत हातीं येण्यापूर्वींच तें ताब्यांत द्यावें कीं काय, हा प्रश्न लहानसहान नव्हे. आणि ठाणें-कल्याणच्या खाडीकांठीं तर त्याला फार जुना वास आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत कल्याण बंदराचा उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत.

समुद्रावर पैसा घालणें म्हणजे काय, हें आपल्या शास्त्रकारांनीं चांगलें ओळखलें होतें. याज्ञवल्क्यस्मृतींत तारण असलेल्या कर्जास दरमहा ऐंशीवा भाग व्याज सांगितलें आहे. रानवाटेनें जाणाऱ्यास शेंकडा १०, आणि समुद्रगामी व्यापाऱ्यास तब्बल शेंकडा २०! इतकें जबर व्याज लोभामुळें नव्हे, तर जोखमीमुळें. ग्रीक व्यापाऱ्यांत तर जहाज बुडालें म्हणजे त्यावरचें कर्जहि बुडे, असा करार चाले. विकणारा जेव्हां किंमतीपैकीं निम्मी रक्कम हप्त्यांनीं घेण्यास राजी होतो, तेव्हां तो नकळत या सावकारांच्या पंक्तीस जाऊन बसतो. फरक एवढाच कीं, सावकाराला फक्त कागद ठाऊक असतो, विकणाराला तारवाची फळी न् फळी ठाऊक असते.

ही माहिती किती मोलाची, तें कल्याणच्याच इतिहासावरून दिसतें. १६५७ सालच्या ऑक्टोबरांत शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढें या खाडींत आरमाराची बांधणी सुरू झाली. कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर होता. पण १६५९ च्या सुमारास वसईकर पोर्तुगीजांच्या सांगण्यावरून तो काम सोडून निघून गेला. लांकूड व पैसा महाराजांपाशीं होता. गेलें तें हातांतलें ज्ञान. जुन्या तारवाच्या सौद्यांतहि घेणारा किंमत देतो ती लांकडाची. कोणता सांधा पावसाळ्यांत गळतो हें ज्ञान मात्र पैशानें मिळत नाहीं. विकणाराचे पैसे अडकलेले असले, तर तें सांगण्यास तो अधिक उत्सुक असतो. आमच्या मतें उधारीच्या सौद्याची खरी बाजू ही आहे.

जुन्या जहाजाची आणखी एक विक्री मराठी वाचकांस विशेष आठवावी अशी आहे. १८९० सालीं इंग्लंडांतील बॅरो येथें ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ नांवाची आगबोट पाण्यांत उतरली व कॅनेडियन पॅसिफिक कंपनीकडून पॅसिफिक महासागरांत फिरूं लागली. १९१४ सालीं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनीं ती घेतली. महायुद्धांत ती इस्पितळाची आगबोट झाली व तिचें नांव ‘लॉयल्टी’ पडलें. १९१९ सालीं वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनीं ती विकत घेतली, भागांच्या विक्रीनें भांडवल उभारलें व कंपनीस शिंद्यांचेंच नांव दिलें. ५ एप्रिल १९१९ रोजीं ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली; तोच दिवस १९६४ पासून राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. परंतु अभिमानानें बॉयलर नवा होत नाहीं! सुमारें तीस वर्षांची ती आगबोट कंपनीस परवडली नाहीं. १९२३ सालीं ती मोडीत निघाली. तेव्हां घेणारा जो हप्ता द्यावयाचा, तो तारवाच्या कमाईतून येईल कीं नाहीं, हें तारवावर प्रेम करणाऱ्यानेंच आधीं पाहावें.

१९५८ सालच्या नौवहन कायद्यानें जहाजाच्या गहाणाची नोंद करण्याची सोय केली, व तिच्यामुळें विकणाराचा हक्क कागदावर पक्का झाला. लहान मचव्यांच्या सौद्यांत मात्र साक्षीदारांच्या सह्यांसह साधा, पण स्पष्ट करारनामा हाच आधार. विसार किती, विम्याचें प्रीमियम कोणी भरावयाचें, डागडुजी कोणाकडे, हप्ता चुकला तर तारूं कोठें परत आणून द्यावयाचें, हें सारें त्यांत यावें. दोस्तीखातर हीं कलमें गाळणें हा सभ्यपणा नव्हे.

हप्त्यांच्या तारखा पंचांग पाहून बांधाव्या. ज्येष्ठ-आषाढांत वादळवाऱ्यामुळें लहान तारवें किनाऱ्यावर ओढून ठेवावीं लागतात, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हां पाण्यांत उतरतात. या मधल्या काळांत तारूं कांहीं कमवीत नाहीं. तेव्हां त्या महिन्यांत हप्ता मागूं नये. जप्ती करावयाची वेळ आलीच, तर तीहि पावसाळ्यापूर्वीं, म्हणजे तारूं चिखलांत रुतून सडण्याच्या आधीं करावी.