सरकारी इमारतींचे हरित निकष : दौंडसारख्या तालुक्यात काय लागू होते?

इमारत बांधताना आणि वापरताना वीज, पाणी व साहित्य कमीत कमी खर्च व्हावे, यासाठी ठरवलेल्या नियमांना हरित निकष म्हणतात. तहसील कार्यालय, रुग्णालय, शाळा किंवा पोलीस वसाहत एकदा उभी राहिली की अनेक दशके वापरात असते. तिचे वीजबिल आणि दुरुस्ती दोन्ही जनतेच्या पैशातून होतात. त्यामुळे बांधकामाच्या खर्चाइतकाच पुढचा खर्चही महत्त्वाचा ठरतो.

मुख्य निकष कोणते?

ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ अंतर्गत केंद्राने २००७ मध्ये इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आणली. २०१७ मध्ये ती सुधारण्यात आली. भिंती, छत, खिडक्या, दिवे आणि वातानुकूलन यंत्रणा किमान किती कार्यक्षम हवी, हे ती सांगते.

दुसरा निकष म्हणजे 'गृह' मानांकन. 'टेरी' या संस्थेने ते विकसित केले आणि २००७ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारले. १०० गुणांपैकी मिळालेल्या गुणांनुसार एक ते पाच तारे दिले जातात. नवी दिल्लीतील इंदिरा पर्यावरण भवन ही २०१४ मध्ये उद्घाटन झालेली सरकारी इमारत पाच तारांकित आहे. तिच्या छतावर ९३० किलोवॅटचा सौर प्रकल्प आहे.

लहान इमारतींचे काय?

ऊर्जा संहिता मुळात १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभार, अथवा १२० केव्हीए किंवा त्याहून अधिक करार मागणी असलेल्या इमारतींसाठी आहे. 'गृह' मानांकनही प्रामुख्याने २,५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्रकल्पांसाठी आहे.

दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस बलाची आणि रेल्वेची मोठी आस्थापने आहेत. पण तालुक्यातील बहुतेक सरकारी इमारती लहान असतात : जिल्हा परिषदेच्या शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामपंचायत कार्यालये. त्या या मर्यादांच्या खाली राहतात. लहान इमारतींसाठी 'स्वगृह' हे सोपे मानांकन उपलब्ध आहे. शिवाय कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार संहितेची भारमर्यादा कमी करण्याचा अधिकार राज्यांना आहे.

दौंडच्या हवामानाला काय मानवते?

भीमेकाठी असला तरी हा तालुका पर्जन्यछायेत येतो. उन्हाळा कडक आणि कोरडा. इथे महागड्या यंत्रणेपेक्षा साध्या गोष्टी जास्त उपयोगी पडतात : पश्चिमेकडे कमी खिडक्या, खिडक्यांवर पुरेसे छज्जे, समोरासमोर हवेचे झरोके, छतावर पांढरा लेप किंवा चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, भिंतींना राखेच्या विटा.

पावसाचा हिशेबही सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ५०० चौरस मीटर छत, वर्षाला ४५० मिलिमीटर पाऊस आणि २० टक्के घट धरली, तर १ लाख ८० हजार लिटर पाणी साठवता किंवा जमिनीत मुरवता येते.

खरी अडचण देखभालीची

इमारत बहुधा सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग बांधतो, आणि वीजबिल मात्र तिथले कार्यालय भरते. उष्णता रोखणारे छत निविदेत महाग दिसते, म्हणून ते वगळले जाते. त्यातून झालेली बचत एका खात्यात दिसते आणि वाढलेले बिल दुसऱ्या खात्यावर पडते.

बांधल्यानंतरही काम संपत नाही. धुळीने माखलेले सौर पॅनेल कमी वीज देतात. पावसाळ्याआधी छत आणि गाळणी साफ न केल्यास पाणी संकलनाची व्यवस्था तुंबते. गळती लांबली की गज गंजतात आणि किरकोळ दुरुस्तीची विशेष दुरुस्ती होते. 'गृह' मानांकन पाच वर्षांपुरतेच वैध असते, ते याच कारणामुळे.

म्हणून निकष ठरवताना तीन गोष्टी लेखी हव्यात : देखभालीची जबाबदारी कोणत्या पदावरील अधिकाऱ्याची, त्यासाठी दरवर्षी किती तरतूद, आणि वीज व पाण्याच्या वापराची दरमहा नोंद. अशा नोंदी असतील तर माहिती अधिकार कायदा, २००५ अंतर्गत कोणताही नागरिक त्या मागू शकतो. हरित म्हणून बांधलेली इमारत पाच वर्षांनंतरही तशीच चालते का, हे त्यावरूनच कळते.