खडकावर मासे वाळवणाऱ्या बायांचं शहर



वाळवण घातलं की दिवसभर एक डोळा आभाळाकडे ठेवायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ढग दाटून आले की पापड-कुरडया गोळा करायला घरातली लहानथोर सगळी पळतात. आज आम्ही तुम्हाला अशा एका शहराची गोष्ट सांगणार आहोत, जे शहरच्या शहर वाळवणावर उभं राहिलं. तिथलं वाळवण मात्र माशांचं होतं, आणि ते घालत होत्या बाया.

या शहराचं नाव क्रिस्तियानसुंद. युरोपच्या उत्तरेला नॉर्वे नावाचा देश आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, थेट अटलांटिक महासागराच्या तोंडाशी हे शहर आहे. ते वसलंय बेटांवर, आणि बेटांच्या मधोमध बंदर. बाहेर समुद्र कितीही खवळला तरी आत बोटींना आसरा मिळतो. वस्ती जेमतेम चोवीस हजारांची, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव समजा. शेतीला माती थोडी, उघडा खडकच जास्त. पण याच खडकानं या गावाला पोसलं.

माणूस इथे फार पूर्वीपासून राहतो. १९०९ मध्ये आन्डेर्स नुम्मेडाल या शिक्षकांना इथे अश्मयुगातल्या माणसांची दगडी हत्यारं सापडली. गावाचं जुनं नाव फोसना होतं, म्हणून त्या काळच्या संस्कृतीलाही ‘फोसना संस्कृती’ असं नाव पडलं. पुढे १७४२ मध्ये राजा सहावा क्रिस्तियान याने गावाला शहराचा दर्जा दिला आणि त्याच्या नावावरून क्रिस्तियानसुंद हे नाव आलं. सुंद म्हणजे दोन बेटांमधली समुद्राची चिंचोळी वाट.

आता माशांकडे येऊ. या समुद्रात कॉड नावाचा मोठा मासा मिळतो. हिवाळ्याच्या शेवटी तो अंडी घालायला किनाऱ्याजवळ येतो आणि तेव्हा त्याची मोठी मासेमारी होते. १६९० च्या सुमारास याप्पे इप्पेस हा हॉलंडचा व्यापारी इथे आला. कॉड खारवून खडकावर वाळवायचा धंदा त्याने राजाच्या परवानगीने सुरू केला. नॉर्वेच्या भाषेत खडकाला ‘क्लिप्पे’ आणि माशाला ‘फिस्क’ म्हणतात. म्हणून या सुक्या माशाचं नाव पडलं क्लिपफिस्क.

हे काम कसं चालायचं ते ऐका. माशाचं डोकं काढायचं, पोट चिरून तो उघडायचा, पाठीच्या कण्याचा बराचसा भाग काढायचा आणि मिठात थरावर थर लावून ठेवायचा. मीठ नीट मुरलं की मासा धुवायचा आणि मग खडकावर पसरायचा. सकाळी पसरायचा, संध्याकाळी गोळा करायचा. गोळा केलेल्या माशांचे गोल ढीग रचायचे, वर लाकडी झाकण ठेवायचं आणि त्यावर दगडांचं वजन. म्हणजे आतलं पाणी निघतं आणि पावसापासून मालही वाचतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरायचं. असं कितीतरी आठवडे.

पाऊस आला तर मासा भिजून खराब होणार. ऊन फार कडक पडलं तर माशाचं मांस भाजल्यासारखं होऊन माल वाया जाणार. म्हणजे आभाळावरही नजर हवी आणि उन्हावरही. घड्याळात पाहून हे काम होत नाही. खडक किती तापलाय, मासा किती सुकलाय, हे हाताला कळावं लागतं. ते कळायचं बायांना. पुरुष समुद्रावर, जहाजांवर, गोदामांत. खडकावर मुख्यतः बाया, आणि त्यांच्या हाताखाली लहान पोरं.

हा माल जहाजं भरभरून स्पेन आणि पोर्तुगालला जायचा. तिथले लोक ख्रिस्ती. उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य, मासा मात्र चालतो, म्हणून या माशाला तिथे मोठी मागणी होती. पुढे समुद्रापलीकडे दक्षिण अमेरिकेपर्यंत हा माल पोचला. येताना जहाजं मीठ घेऊन यायची. मिठाबरोबर चवही आली. आज क्रिस्तियानसुंदची ओळख असलेला पदार्थ म्हणजे ‘बाकालाओ’. सुका कॉड, बटाटा, कांदा, टोमॅटो, तेल आणि थोडी मिरची असा हा रस्सा. नावच मुळात स्पेन-पोर्तुगालकडचं.

या व्यापारातून पैसा आला, मोठी घरं आली, नाटक आणि संगीत आलं. १९१४ मध्ये बांधलेल्या इथल्या नाट्यगृहात ऑपेरा, म्हणजे गाण्यातून सादर होणारं नाटक, होऊ लागला. एवढ्याशा गावात दर वर्षी ऑपेराचा महोत्सव भरतो.

मग दुसरं महायुद्ध आलं. १९४० च्या एप्रिलअखेरीस जर्मन विमानांनी सलग काही दिवस शहरावर बॉम्ब टाकले. लाकडी घरं पेटली आणि शहराचा मोठा भाग जळून गेला. लोक आसपासच्या गावांत आसऱ्याला गेले. परत येऊन त्यांनी शहर पुन्हा बांधलं, म्हणून आज तिथली बरीचशी घरं युद्धानंतरची दिसतात.

बघण्यासारखं तिथे बरंच आहे. १८७६ पासून बेटाबेटांमध्ये माणसं नेणारी छोटी बोट अजून चालू आहे. उघड्या समुद्रात ग्रिप नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथे शेकडो वर्षांचं जुनं लाकडी चर्च आहे, पण आता बारमाही वस्ती नाही. आणि जुन्या गोदामात क्लिपफिस्कचं संग्रहालय आहे.

विसाव्या शतकात मासे यंत्रावर सुकवायला लागले आणि खडक मोकळे झाले. आता समुद्रातल्या तेलाच्या कामामुळेही शहराला रोजगार मिळतो.

हे सगळं वाचून झाल्यावर आमच्या गटातल्या एकीने विचारलं, “अगं, पण त्या बायांची नावं काय होती?” आम्ही गप्पच झालो. राजाचं नाव आपल्याला कळलं, हॉलंडच्या व्यापाऱ्याचं कळलं, शिक्षकाचंही कळलं. बायांचा मात्र बंदरावर एक पुतळा आहे. शहराला २५० वर्षं झाली तेव्हा, १९९२ मध्ये, तो उभारला. त्याचं नाव ‘क्लिपफिस्कशेरिंगा’, म्हणजे क्लिपफिस्कवाली बाई. एवढंच. तरी शहराने तिला बंदरावर मानाची जागा दिली, हे चांगलंच झालं. तिची आठवण राहिली, पण नाव तेवढं राहून गेलं.

म्हणून मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत एक काम करू या. गटाच्या वहीत हिशोबाच्या पानांमागे एक पान कोरं सोडा. तुमच्या आईचं, सासूचं, आजीचं नाव त्यावर लिहा, आणि नावापुढे ती कोणतं काम करायची तेही लिहा. लिहिता येत नसेल तर शेजारणीला सांगा, नाहीतर नातीला. गाव कुणाच्या कष्टावर उभं राहिलं, असं उद्या कुणी विचारलं, तर आपल्याकडे नुसती ‘एक बाई’ नको. नावानिशी उत्तर हवं.