झाड येथले, नाव तेथले

पत्र म्हटले की ख्यालीखुशाली, लग्नकार्य आणि देणेघेणे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु कंपनी सरकारच्या अमदानीत आपल्या देशातून विलायतेस अशीही सहस्रावधी पत्रे गेली की, ज्यांच्या सोबत वाळलेली पाने, बियांच्या पुड्या आणि रंगीत चित्रे असत. ती लिहिणारे बहुधा कंपनीचे डॉक्टर किंवा अंमलदार असत आणि ती वाचणारे लंडन वा एडिंबरा येथील विद्वान. आज आपण वनस्पतिशास्त्र म्हणून जे शिकतो, त्याचा पुष्कळसा पाया या पत्रव्यवहाराने घातला. त्याची थोडी हकीकत वाचकांपुढे ठेवावी, आणि तिच्यातून आपल्या घरांनी काय घ्यावे हेही सांगावे, असा आमचा मानस आहे.

या व्यवहाराची रीत मोठी साधी होती. येथल्या डॉक्टराजवळ रान होते, पण ग्रंथ नव्हते. तेथल्या विद्वानाजवळ ग्रंथ होते, पण रान नव्हते. म्हणून येथल्याने फुलाफळांसह फांदी तोडावी, कागदांत दाबून वाळवावी आणि एकाच झाडाचे दोनतीन नमुने करावे. एक आपणांपाशी ठेवून बाकीचे पत्रासह रवाना करावे. तेथल्याने ते ग्रंथांशी ताडून पाहावे, नवीन असल्यास लॅटिन नाव द्यावे आणि ते उलट टपाली कळवावे. झाड येथून जाई आणि नाव तेथून येई.

स्वीडनचा थोर शास्त्रज्ञ लिनिअस हिंदुस्थानात कधी आला नाही. परंतु त्याचा शिष्य योहान कोनिग हा सन १७६८ मध्ये तंजावर प्रांतातील तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत डॉक्टर म्हणून आला. सन १७८५ मध्ये तो वारला, तेव्हा आपले सारे कागद त्याने लंडनच्या सर जोसेफ बँक्स यांस ठेवले. कोनिगचा स्नेही विल्यम रॉक्सबर्ग याने तोच धागा पुढे चालविला. सन १७९३ पासून तो कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचा प्रमुख होता. त्याने हिंदी चित्रकारांकडून झाडांची हुबेहूब चित्रे काढवून घेतली आणि वर्णनांसह विलायतेस धाडली. त्यांतून निवडलेल्या ३०० चित्रांचा कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींचा ग्रंथ सन १७९५ पासून १८२० पर्यंत भागाभागांनी निघाला. ग्रंथाच्या नामपृष्ठावर रॉक्सबर्ग आणि बँक्स या दोघांचीही नावे आहेत. चित्रकारांची नाहीत.

वाळलेला नमुना पत्रासोबत सुखरूप जाई, पण जिवंत रोपाचा प्रवास खडतर होता. शिडाची जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जात. त्यास कित्येक महिने लागत. खारे वारे, गोड्या पाण्याची टंचाई आणि उंदीर यांतून वाचणारी रोपे थोडी. पुढे लंडनच्या डॉ. वॉर्ड यांनी बंद काचेच्या पेटीची युक्ती काढली. पेटीतील ओलावा काचेवर जमून पुन्हा मातीत पडे, त्यामुळे रोपांस वरून पाणी घालण्याची गरज फारशी उरत नसे. सन १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपे थेट ऑस्ट्रेलियास जिवंत पोहोचली. तेव्हापासून पत्रामागोमाग झाडेही जगभर हिंडू लागली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मुंबईस जॉन ग्रॅहॅम नावाचा एक गृहस्थ होता. त्याचा हुद्दा, योगायोग पाहा, डेप्युटी पोस्टमास्तर जनरलचा! टपालाचे काम सांभाळून त्याने मुंबई व आसपासच्या वनस्पतींची यादी तयार केली. सन १८३९ मध्ये, ग्रंथ पुरा छापून होण्यापूर्वीच, तो वारला. उरलेले काम त्याचा मित्र निम्मो याने तडीस नेले. त्याच काळात डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पुण्याजवळ दापोडी येथील सरकारी बाग पाहत होते. त्यांनी औषधी वनस्पती लावल्या; पुढे सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले आणि जंगलतोडीविरुद्ध सरकारला बजावीत राहिले. गिब्सन व डाल्झेल या दोघांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ सन १८६१ मध्ये निघाला. या मंडळींची चिकाटी वाखाणण्यासारखी होती, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

याच डाल्झेलने जुन्नरकडील कड्यांवर वाढणाऱ्या, जांभळट लाल फुलांच्या एका मांसल वनस्पतीस तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून 'फ्रेरिया' असे नाव दिले. आपल्या लोकांत तिला शिंदळ माकुडी म्हणतात. गव्हर्नरसाहेबांचे नाव शास्त्राच्या पोथीत अमर झाले; पण डोंगरातल्या ज्या माणसांनी शिंदळ माकुडी हे नाव पिढ्यानपिढ्या तोंडी जपले, त्यांपैकी एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही.

दापोडीच्या बागेतही तेच घडले. गिब्सन यांनी सन १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून वनस्पतींची सुमारे १७० चित्रे काढवून घेतली. ती आज एडिंबराच्या वनस्पतिउद्यानात जपून ठेवलेली आहेत आणि सन २००२ मध्ये त्यांवर एक स्वतंत्र ग्रंथही निघाला. एवढे संशोधन झाले, तरी चित्रकाराचे नाव काही हाती लागले नाही.

मग आपल्या लोकांची नावे कोठेच उरली नाहीत काय? उरली आहेत, आणि ती का उरली हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यासाठी गिब्सनच्या मागे पावणेदोनशे वर्षे, कोचीस जावे लागेल. तेथे वलंदेजांचा अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा लॅटिन ग्रंथ सिद्ध करविला. सन १६७८ ते १६९३ या काळात त्याचे १२ खंड ॲमस्टरडॅम येथे छापले गेले; त्यांत सुमारे ७४० वनस्पतींचे वर्णन आहे. पुढे लिनिअसने त्याचा आधार घेतला. ही माहिती पुरविणारांत इट्टी अच्युतन हा एळव समाजाचा वैद्य होता, ज्या समाजाला त्या काळी खालचे मानीत. त्याने आपल्या घराण्याच्या ग्रंथांतील ज्ञान दिले. त्याच्या जोडीला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य होते. त्यांचा समाज गोव्याहून तेथे जाऊन स्थायिक झालेला होता.

सन १६७५ च्या एप्रिल महिन्यात या चौघांनी आपापली साक्षपत्रे लिहून दिली. अच्युतनने आपल्या लिपीत लिहिले. या तिघांनी नागरी लिपीत, कोंकणी भाषेत लिहिले. निघंटूच्या आधारे आपण दोन वर्षे हे काम केले, असा त्यांच्या पत्राचा आशय आहे. व्हान ऱ्हेडेने ती पत्रे जशीच्या तशी पहिल्या खंडात छापली. छापील नागरी अक्षरांचा तो एक अगदी आरंभीचा नमुना होय. एका कागदावर तीन पंडितांचे नाव, दुसऱ्यावर अच्युतनचे. विद्येच्या कामी कोणाची जात आड आली नाही. रॉक्सबर्गचे चित्रकार, दापोडीचा चित्रकार आणि हे चौघे यांच्या योग्यतेत आम्हांस अंतर दिसत नाही. अंतर एवढेच की, या चौघांनी स्वहस्ते लिहिले आणि ते कागद कोणीतरी जपले.

येथे आम्हांस स्वतःच्या एका अपराधाची कबुली दिली पाहिजे. आमचे पणजोबा गावोगाव औषध देत. त्यांच्या मोडी कागदांचा एक रुमाल आमच्या घरी माळ्यावर होता. आमच्या आत्याबाई सांगत की, त्यात परगावच्या वैद्यांची पत्रे आहेत. ते मुळ्या मागवीत आणि बदल्यात आपल्याकडील बी धाडीत. म्हणजे रॉक्सबर्गसाहेब जे करीत होते तेच आमच्या ओसरीवरही चालले होते! आम्ही तेव्हा नुकतेच शिक्षक झालो होतो. मुलांना अक्षरे शिकवीत होतो, पण मोडीचे एक अक्षर आम्हांस येत नव्हते. घराची डागडुजी निघाली तेव्हा आत्याबाई नको नको म्हणत असता आम्ही तो रुमाल रद्दीवाल्याच्या तागडीत घातला. त्या वैद्यांची नावे आता कोणास सांगता येणार नाहीत, आणि याचा दोष आम्ही कोणा साहेबास देऊ शकत नाही.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची हात जोडून विनंती आहे. आपल्या पेटाऱ्यात, माळ्यावर, देवघराच्या कपाटात जुनी पत्रे, वैद्यकीची बाडे, हिशेबाच्या वह्या असतील तर त्या टाकू नका. वाचता येत नसतील तर मोडी जाणणाराकडून वाचवून घ्या. निदान वर एक चिठ्ठी लावा: हे कोणाचे, कोठले, केव्हाचे. आणि घरातील वडील माणसे झाडापाल्याची जी नावे सांगतात ती त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावासह, आजच वहीत उतरून घ्या. हे वाचून एका घरातला जरी एक रुमाल वाचला, तरी आमचे लिहिणे कारणी लागले असे आम्ही समजू.