यू-पिन लावलेल्या फायली

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

सुट्टीत आमच्या दहावीतल्या पोराने मार्वलची 'एजंट्स ऑफ शील्ड' ही जुनी मालिका लावली होती. मी बाजूला बसून दुसऱ्या दिवशीच्या बातम्या टाईप करत होतो. पहिल्या सीझनचा सतरावा भाग सुरू झाला आणि माझं टायपिंग थांबलं. (मालिका बघायची राहिली असेल तर पुढचा एक परिच्छेद सोडून द्या.)

शील्ड म्हणजे जगाचं रक्षण करणारी गुप्तचर संस्था. या भागात कळतं की दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या पदराखाली वाढलेली 'हायड्रा' ही टोळी मेलेलीच नाही. ती इतकी वर्षं शील्डच्याच पोटात वाढत होती. व्हिक्टोरिया हँड ही वरिष्ठ अधिकारी नायक कोलसनवरच संशय घेते. खरा गद्दार निघतो गॅरेट, कोलसनचा जुना सहकारी. शेवटी गॅरेटला बेड्या घालून विमानातून तुरुंगाकडे नेत असतात. सोबत वॉर्ड असतो, पहिल्या भागापासून कोलसनच्या टीममधला भरवशाचा माणूस. तो पिस्तूल काढतो आणि गॅरेटला सोडून पहारेकऱ्यांना आणि हँडबाईंना गोळ्या घालतो. भाग संपला.

हा भाग अमेरिकेत 8 एप्रिल 2014 ला दाखवला गेला. चारच दिवस आधी तिथे 'कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर' प्रदर्शित झाला होता आणि हायड्राचा स्फोट आधी त्या सिनेमात झाला होता. सिनेमात एक वाक्य ओझरतं येऊन जातं, की हायड्राचा शास्त्रज्ञ शील्डमध्ये आला तो 'ऑपरेशन पेपरक्लिप'मधून.

पोराने विचारलं, "पप्पा, हे पेपरक्लिप खरंच होतं का?"

मी म्हणालो, "होतं. आणि तुझ्या मालिकेपेक्षा वाईट होतं."

तर ते काय होतं, ते सांगतो.

1945 च्या मे महिन्यात जर्मनी पडली. अमेरिका आणि रशिया दोघांनाही एकच घाई, हिटलरचे शास्त्रज्ञ आधी कोण उचलतो. अमेरिकेच्या लष्कराने निवडलेल्या माणसांच्या फायलींना पेपरक्लिप, म्हणजे आपल्या कचेऱ्यांतली यू-पिन, लावली जायची. त्यावरून मोहिमेचं नाव पडलं. पुढच्या काही वर्षांत साधारण 1600 जर्मन शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ अमेरिकेत गेले.

1946 च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी मंजुरी दिली, पण अट घालून. नाझी पक्षाचा नुसता नावापुरता सभासद चालेल, सक्रिय कार्यकर्ता चालणार नाही. आता अडचण अशी की हवी असलेली बरीचशी माणसं नेमकी त्या अटीत अडकणारी. मग काय केलं? अट बदलली नाही. फायली बदलल्या.

वेर्नर फॉन ब्राऊन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. लंडनवर पडणाऱ्या व्ही-2 रॉकेटचा जनक. हा माणूस एसएसमध्ये अधिकारी होता. 1947 च्या अहवालात त्याच्याबद्दल शेरा होता की तो अमेरिकेच्या सुरक्षेला संभाव्य धोका आहे. काही महिन्यांत सुधारित अहवाल आला, त्यात तो धोका उरला नव्हता. माणूस तोच, त्याचा भूतकाळही तोच. बदलला फक्त कागद.

त्याचा सहकारी आर्थर रुडॉल्फ. 1945 च्या चौकशीत अमेरिकन अधिकाऱ्यांनी त्याच्याविषयी नोंद केली होती, की हा शंभर टक्के नाझी आहे, धोकादायक आहे, स्थानबद्ध करावा. तो अमेरिकेत गेला आणि पुढे सॅटर्न-5 रॉकेटच्या प्रकल्पाचा प्रमुख झाला. 1969 मध्ये माणूस चंद्रावर गेला तो त्याच रॉकेटवरून.

हा रुडॉल्फ युद्धात काय करत होता? जर्मनीत नॉर्डहाऊझेनजवळ डोंगर पोखरून बोगद्यात व्ही-2 चा कारखाना केला होता. त्याच्या उत्पादनाची जबाबदारी रुडॉल्फकडे होती. कामगार म्हणजे मिटेलबाऊ-डोरा छळछावणीचे कैदी. या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत साठ हजारांच्या आसपास कैदी आणले गेले, त्यातले वीस हजारांच्या आसपास मेले. उपासमारीने, रोगाने, कामाने आणि फासावर. व्ही-2 हे बहुधा जगातलं एकमेव शस्त्र, जे पडून जितकी माणसं मेली त्याहून जास्त ते बनवताना मेली.

आता कोणी म्हणेल, चंद्रावर तर पोचलो ना! मान्य. पण हा हिशेब ज्यांच्या जिवावर मांडला, त्यांना कोणी विचारलं होतं का?

दुसरी गोष्ट क्लाउस बार्बीची. हा शास्त्रज्ञ नव्हता, फ्रान्समधल्या लियों शहराचा गेस्टापो प्रमुख होता. 1944 च्या एप्रिलमध्ये इझ्यू गावच्या आसऱ्यातून 44 ज्यू मुलं उचलली गेली, ती त्याच्या हुकुमावरून. 1947 पासून अमेरिकन लष्कराच्या गुप्तहेर विभागाने त्याला पगारी खबऱ्या म्हणून ठेवला. फ्रान्स त्याला मागत होता. 1951 मध्ये त्याच विभागाने त्याला खोट्या नावाने बोलिव्हियाला पोचवला. तो फ्रान्सच्या हाती लागला 1983 मध्ये. त्याच वर्षी अमेरिकेने चौकशी अहवाल काढून फ्रान्सची माफी मागितली. 1987 मध्ये त्याला जन्मठेप झाली. मधली छत्तीस वर्षं त्या 44 मुलांच्या माणसांनी कशी काढली असतील, ते तुम्हीच बघा.

आणि आता मालिकेच्या सर्वात जवळची गोष्ट.

राइनहार्ट गेलेन हा हिटलरच्या लष्करात पूर्व आघाडीच्या हेरखात्याचा प्रमुख. हार दिसू लागल्यावर त्याने रशियाविषयीची कागदपत्रं मायक्रोफिल्मवर घेऊन डोंगरात पुरून ठेवली आणि अमेरिकेला शरण जाऊन सौदा केला. अमेरिकेच्या पैशावर त्याची संघटना उभी राहिली, म्युनिकजवळ पुलाख इथे. 1949 पासून ती सीआयएच्या छत्राखाली गेली आणि 1956 मध्ये तीच पश्चिम जर्मनीची अधिकृत गुप्तचर संस्था, बीएनडी, झाली. प्रमुख पुन्हा गेलेनच. भरतीत जुने ओळखीचे, त्यात एसएसवालेही. "रशिया यांना चांगला ठाऊक आहे" हे समर्थन.

त्यातलाच एक हाइन्झ फेल्फे. पूर्वीचा एसएस अधिकारी. 1951 मध्ये संघटनेत आला तो आधीच रशियाचा हेर होऊन. त्याला ओढणारा हान्स क्लेमेन्स हाही जुना एसएसवालाच. फेल्फे चढत चढत कुठे पोचला? रशियन हेरांना शोधून काढणाऱ्या विभागाच्या प्रमुखपदी. म्हणजे चोर पकडायच्या खात्याचा साहेबच चोर. 6 नोव्हेंबर 1961 ला तो पकडला गेला. दहा वर्षं पश्चिमेची गुपितं मॉस्कोला जात होती.

इथे मला मालिका लिहिणाऱ्यांची एक गोष्ट पटत नाही. हायड्राची माणसं ध्येयाने पेटलेली आहेत. त्यांचा परवलीचा शब्द आहे, सलाम आहे, सत्तर वर्षांचा कट आहे. बघायला मजा येते. पण खऱ्या इतिहासात नाझींनी आतून कट केलाच नाही, त्यांना गरजच पडली नाही. दार त्यांच्यासाठी आतूनच उघडलं होतं. आणि त्या उघड्या दारातून शिरला कोण, तर ज्याला अडवायला दार उघडलं होतं तोच रशिया. कारण ज्याचा भूतकाळ झाकून ठेवलाय, त्याच्यावर दबाव आणणं सोपं असतं. आणि "आपलाच जुना माणूस आहे" या एका वाक्यावर पुढची सगळी तपासणी माफ होते.

मालिकेत सत्य बाहेर येतं पिस्तुलाच्या गोळीने. खऱ्या जगात ते अर्ज करून बाहेर आलं. लिंडा हंट नावाच्या अमेरिकन पत्रकार बाईंनी तिथल्या माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली मागणी करून जुन्या फायली काढल्या आणि 1985 मध्ये शेरे कसे बदलले ते छापलं. रुडॉल्फही सुटला नव्हता. चौकशीचा ससेमिरा लागल्यावर त्याने खटला टाळण्यासाठी करार केला आणि 1984 मध्ये अमेरिका सोडली, नागरिकत्वही गेलं. 1998 मध्ये तर तिथल्या संसदेने नाझी गुन्ह्यांच्या फायली खुल्या करायचा कायदाच केला.

हे वाचताना मला माझी एक फाईल आठवली. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका रस्त्याची फाईल मी माहिती अधिकारात मागवली होती. कार्यालयाचं नाव घेत नाही. पहिल्या पाहणीचा शेरा : काम निकृष्ट. दोन महिन्यांनी दुसरा शेरा : काम समाधानकारक. रस्ता तोच, सही तीच. मधे डांबराचा एक थेंबही पडला नव्हता. मी दोन कॉलम बातमी केली. बिल तोवर निघालं होतं. कुठे चंद्रावरचं रॉकेट आणि कुठे आमचा तीन किलोमीटरचा रस्ता, मला कळतं. पण युक्ती एकच आहे, आणि ती पकडायचा उपायही एकच. पहिला कागद हातात मिळणं.

म्हणून सांगतो. आपल्या 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातल्या कलम 24 ने गुप्तचर संस्था बाहेर ठेवल्या आहेत. अपवाद फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या भंगाच्या आरोपांचा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्याने याच कायद्याचं कलम 8(1)(j) बदललं. वैयक्तिक माहिती नाकारताना त्या कलमातच जनहिताचं जे वजन होतं, ते काढलं. जनहिताचं कलम 8(2) अजून आहे, पण त्यासाठी भांडायचं आता अर्जदाराने. उद्या कोणी म्हणालं की फाईलीवर कोणी शेरा बदलला ही त्याची वैयक्तिक माहिती आहे, तर? रुडॉल्फची फाईलही एका माणसाची वैयक्तिक माहितीच होती.

देशाला गुपितं लागतात, हे मी नाकारत नाही. पण गुपित किती वर्षांचं आणि ते कोणाच्या सोयीचं, हे विचारणारा कोणीतरी बाहेर असायला हवा.

पोराने शेवटी विचारलं, "मग खऱ्यातली हायड्रा कोण?"

मी म्हणालो, "हायड्रा नव्हती रे. एक कारकून होता, एक साहेब होता आणि एक यू-पिन होती."

त्याला ते फारसं पटलं नाही. त्याने पुढचा भाग लावला. मी बातमी पूर्ण करायला बसलो.